गयाबाईच्या हळदीचा अपुरा नियम

२१ सप्टेंबर २००६, गुरुवार. तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एडिटर बसवायचं काम आज उरकून टाकायचं ठरवलं होतं. अर्धं झालं आणि वीज गेली. यूपीएस अजून जोडलेला नव्हता, त्यामुळे जेवढं लिहिलं होतं त्यातलंही थोडं गेलं. आता पाच वाजेपर्यंत काही होत नाही. बळीरामभाऊ जेवायला गेलेत, शटर अर्धं ओढलेलं आहे, आणि मी तुझ्या खुर्चीवर बसून कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर हे लिहिते आहे.

शेवंता, तुझं जुनं मशीन तू दवाखान्यात असतानाच कुरकुरायला लागलं होतं. तुझं तेरावं झालं त्या दिवशी बळीरामभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, डबा बंद पडला. माणसं येऊन परत जाऊन राहिली." मी म्हटलं, दुसरं मशीन बसवू. तर म्हणाले, पितृपंधरवडा संपू द्या, नवी वस्तू आणू नये. मग मी माझ्या क्लासमधलंच एक रिक्षात घालून आणलं. म्हटलं, "हे नवं नाही. ह्याच्यावर पोरांनी इतकं टायपिंग केलंय की बटणांवरची अक्षरं गेलीत." त्यांनी काउंटरवर जागा करून दिली. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरीण शास्त्रातून बी पळवाट काढती.

हे वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल, तू कंटाळू नकोस. एडिटर म्हणजे ज्या पाटीवर प्रोग्रॅम लिहायचा ती पाटी. साधी पाटी कुठल्याही मशीनवर मिळते. पण आपली भाषा चारचौघांतली नव्हती, प्रोलॉग होती, आणि तिच्यासाठी तयार पाटी कोणी बनवलेली नव्हती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक फुकट एडिटर मिळाला होता. कोणता शब्द कोणत्या रंगात दाखवायचा, कोणतं बटण दाबल्यावर काय उमटायचं, हे त्याला आपण शिकवू शकत होतो. ते सगळं मी तुझ्यासाठी शिकवून एका फ्लॉपीवर ठेवलं होतं. आज ती फ्लॉपी घातली तर मशीन वाचेना. पुसून पाहिली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. गेली. तेव्हा सकाळपासून मी आपले शब्द एकेक करून पुन्हा घालते आहे. पान_कडेनं_पिवळं. कंद_मऊ. कंद_टणक. वास_आंबट. आणि तुझा तो शब्द, जो कुठल्याही पुस्तकात नाही: वास_ओल्या_मेंढीचा. हा टाइप करताना मला हसू आलं. बळीरामभाऊंनी वर पाहिलं. मी पुढचा शब्द घातला.

आपली ओळख रेटकार्डावरून झाली. हिंगोली वेगळा जिल्हा होण्याच्या आधीचं वर्ष. माझा क्लास एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, टायपिंगची यंत्रं आणि दोन कॉम्प्युटर. तू दुकानाचं रेटकार्ड छापून घ्यायला आलीस आणि प्रिंटर कागद अडकवत बसला तेवढ्या वेळात जिन्यावर तीन शेतकऱ्यांनी तुला गाठलं. प्रत्येकाच्या हातात एक पान. तू प्रत्येकाला तेच तेच विचारत होतीस. परत आत आलीस आणि म्हणालीस, "मास्तरीण, तुझा हा डबा प्रश्न विचारतो का?"

"मी मास्तरीण नाही. क्लास चालवते."

"शिकवती ना? मग मास्तरीणच. विचारतो का न्हाई ते सांग."

"कसले प्रश्न?"

"पान कडेनं पिवळं का मधून? कंद दाबला तर दबतो का? पाणी किती दिवसाआड? दिवसभर हेच विचारून माझा घसा बसून राहिला. त्यानं विचारलं तर मी जरा च्या पीन."

पहिल्या भेटीत 'तू' म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. तुझ्या बाबतीत ते लक्षात यायच्या आत मी तुला उत्तर देत होते. नांदेडला पदविका करताना एका सत्रापुरती मी प्रोलॉग शिकले होते. त्या भाषेत हुकूम सोडायचे नसतात. माहिती लिहायची आणि नियम लिहायचे: अमुक रोग आहे, जर तमुक लक्षणं असतील. मग प्रश्न विचारला की ती आपल्या नियमांतून शोधत जाते. परीक्षेनंतर वर्गातल्या कुणीही तिचं नाव काढलं नाही, कारण तिच्यावर नोकरी मिळत नव्हती. मला ती आवडली होती, पण हिंगोलीत ती कोणाशी बोलणार? तू परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतीचं शिकलेली, तांड्यावरून रोज चालत शाळेला गेलेली, आता मोंढ्याजवळ नवऱ्याबरोबर, बळीरामभाऊंबरोबर, कृषी केंद्र चालवणारी. तुझ्याकडे प्रश्न होते आणि माझ्याकडे ते विचारणारी भाषा. सांगायचं तर इतकंच सरळ आहे.

सुरुवातीला आपण भाषेबरोबर आलेल्या निळ्या पाटीवरच लिहायचो. ती पाटी माफ करणारी नव्हती. तुला आठवत असेल, तू इंग्रजी लिपीत 'हळद' लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढलंस. मी विचारलं का, तर म्हणालीस, "घरचं पीक हाय, मान नको?" त्या भाषेत मोठ्या अक्षरानं सुरू होणारा शब्द म्हणजे 'कोणीही, काहीही'. दोन दिवसांनी एकानं कापसाचं विचारलं आणि मशीननं कापसाला कंदकूज सांगितली. बळीरामभाऊ आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या घरच्यांनी कापसाला कंद लावले." त्यानंतर मी नवा एडिटर बसवला आणि मोठ्या अक्षराचा शब्द आला की तो केशरी व्हावा अशी सोय केली. रोगांची नावं निळी हवी होती मला. तू म्हणालीस, दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी निळं दिसत नाही, काळ्यावर पांढरं कर. अक्षर मोठं कर. आणि पडदा तिकडं वळव, गिऱ्हाइकाकडं. मी म्हटलं, त्यांना रोमन अक्षरं वाचता येणार आहेत का? तू म्हणालीस, "वाचायचं न्हाई गं. लपवून करून राहिलो असं वाटू नये." आपल्या शब्दांची लिपी इंग्रजी होती, शब्द मराठी. माणसं काउंटरवर कोपरं टेकून तो पडदा बघत राहायची, जसं डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरल्यावर बघतात.

आणखी एक सोय केली होती. एक बटण दाबलं की नियमाचा कोरा साचा उमटायचा. आधी रोगाच्या नावाची जागा, मग 'जर'ची खूण, मग लक्षणांच्या ओळी. जी जागा भरलेली नाही ती लाल राहायची. कारण आपली जुनी प्रोलॉग अशी अडेल होती की एक नियम अपुरा असला तरी सगळा प्रोग्रॅम चालू व्हायचा नाही. नाव आधी लिहायचं, हे मी तुला कितीदा सांगितलं. भाषेची रीतच तशी आहे. तू कधी ऐकलं नाहीस. तू नेहमी खालच्या ओळींपासून सुरू करायचीस, लक्षणं लिहायचीस, आणि वरची जागा लाल सोडून शेतात जायचीस. "नाव ठेवायची घाई काहून? लेकरू तर पाहू दे," म्हणायचीस. मला त्याचा राग यायचा. तू शेतात असेपर्यंत मशीन बंद.

गयाबाईची गोष्ट त्यातलीच. पुसेगावची गयाबाई, घरच्या मेंढ्या आणि विहिरीच्या बाजूला थोडी हळद. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पदरातून कंद काढून काउंटरवर ठेवला. देव्हाऱ्यात ठेवावा इतका स्वच्छ. मशीननं विचारलं, मी वाचून दाखवलं: वास येतो का? न्हाई. चिकट लागतो? न्हाई. मुळं काळी? मुळं नव्हतीच. मशीननं सांगितलं, कंदकूज नाही. बळीरामभाऊ दुसरं काहीतरी द्यायला उठले होते. तेवढ्यात तू तो कंद उचलून उलटा-सुलटा केलास आणि विचारलंस, "गयाबाई, धुतलं का हे?"

तिला राग आला. "मग? चिखलाचं तसंच तुमच्या टेबलावर ठेवू व्हय? कोनाच्या दारात जाताना मानूस पाय धुतो का न्हाई?"

तुझं काम टाकून तू त्याच दिवशी तिच्याबरोबर गेलीस. पाचव्या सरीपासून सड सुरू झाली होती, बोट लावलं की पाणी. जो वास, जी बुरशी मशीन विचारत होतं, ते सगळं गयाबाईनं विहिरीवर धुऊन टाकलं होतं, आपल्या मानासाठी. मग आपल्या लक्षात आलं की सगळेच धुतात. पुरुष धोतराला पुसतात, बाया घासतात. कुणी मळकी वस्तू घेऊन पुढं उभं राहत नाही. आपण पहिला प्रश्न घातला, 'धुतलं का?' तर माणसं ओशाळायला लागली. धुतलं म्हणावं तर चूक, नाही म्हणावं तर घाण. शेवटी तू तो प्रश्नच काढून टाकलास आणि पहिल्याच ओळीला मशीननं म्हणावं असं ठरवलंस: 'अजून एक आणाल का, जमिनीतून काढल्यावर तसंच?' लोक मग पिशव्या भरून माती आणायला लागले. बळीरामभाऊ दिवसातून दोनदा दुकान झाडायचे आणि माझ्याकडे बघायचे.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते संपलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी ते सोडून देणार नाही.

प्रोलॉगला नियमांत उत्तर सापडलं नाही की ती 'नाही' म्हणते. तुझं म्हणणं, हे खोटं आहे. तिला माहीत नसेल तर तिनं 'माहीत नाही' म्हणावं. माझं म्हणणं, तिला जेवढं सांगितलंय तेवढ्यावरून ती बोलते. जास्त हवं असेल तर जास्त सांगा. तांत्रिक बदल एका ओळीचा होता, ते खरं. पण मग दर दुसऱ्या माणसाला 'माहीत नाही' ऐकायला मिळालं असतं. तो काउंटरवरून उठून पलीकडच्या दुकानात गेला असता आणि तिथून जे हाताला लागेल ते फवारलं असतं. बळीरामभाऊ माझ्या बाजूनं होते. तू म्हणालीस, "जाऊ दे ना मग. 'न्हाई' ऐकून निर्धास्त झोपण्यापरीस शेजारच्याला विचारलेलं बरं." मी म्हटलं, "शेजारचा तरी काय जाणतो?" तू म्हणालीस, "न्हाई जानत. पर तो 'न्हाई' म्हनताना तोंडाकडं पाहता येतं." मला अजूनही वाटतं की तू पूर्ण बरोबर नव्हतीस. दुकान उत्तरांवर चालतं. पण त्या दिवशी मी वाद सोडला आणि राग तुझ्या न भरलेल्या लाल जागांवर काढला.

नांदेडच्या वॉर्डात मी तुला भेटायला आले तेव्हा तुझा ताप उतरत नव्हता. डॉक्टर चांगला होता, तरुण होता, थकलेला होता. हातातले कागद चाळत म्हणाला, मलेरिया नाही, टायफॉइड नाही, कावीळ नाही, रिपोर्टमध्ये काही नाही. तू उशीवरून मान वळवलीस आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "बघ मास्तरीण, तुझ्या डब्यावानी बोलून राहिला." आपण दोघी हसलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपल्याला वेडं समजलं असेल. तू एवढं हसलीस की खोकला आला आणि बळीरामभाऊंनी मला बाहेर पाठवलं. तेच आपलं शेवटचं बोलणं. मी व्हरांड्यात उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या बॅचचा विचार करत होते, उगीच खोटं का लिहू. तू जाशील असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या नियमांत ते नव्हतं.

तू माझी मैत्रीण होतीस हा शब्द आपण कधी वापरला नाही. तू मला 'मास्तरीण' म्हणालीस, मी तुला 'शेवंता', आणि कामाचं बोललो. कधी कधी तू भावाला फोन लावून गोरमाटीत, तांड्यावरच्या बोलीत, भांडायचीस आणि मध्येच मला सांगायचीस, "हे तुझ्या डब्यात न्हाई बसायचं." तुझ्या बोटांना हळदीचा आणि औषधांचा रंग असायचा म्हणून तू बटणं बोटाच्या मागच्या पेरानं दाबायचीस, जुन्या की-बोर्डाची मधली रांग पिवळी पडली होती. शेतात यायला तू मला पुष्कळदा म्हणालीस. मी एकदाही आले नाही. माझा मुद्दा साधा होता: शेतात तू, पडद्यावर मी, दोघींनी दोन्हीकडं जायचं कारण नाही. "तुला चिखलाची ॲलर्जी हाय," तू म्हणायचीस. ॲलर्जी नव्हती. कामाची वाटणी होती, आणि ती बरोबर चालली होती. पास होण्यापुरती शिकलेली एक भाषा मला आठ वर्षं रोज वापरायला मिळाली, ती तुझ्यामुळं. हे तुला सांगायला हवं होतं की नाही, माहीत नाही. तू म्हणाली असतीस, "बरं, मग? आता पुढचा नियम लिही."

वीज आली.

सव्वापाच. यूपीएस जोडला, राहिलेले शब्द घातले, रंग लावले. दर थोड्या वेळानं आपोआप साठवून ठेवायची सोय केली, कारण उद्याही वीज जाणारच आहे. मग जुन्या मशीनच्या डिस्कवरून उतरवून घेतलेली तुझी फाइल उघडली. सगळी पांढरी, केशरी, जिथं हवी तिथं. अगदी शेवटी एक जागा लाल.

बळीरामभाऊ मागं येऊन उभे राहिले. "हे लाल काय हाय?"

"तिनं नाव लिहिलं नाही."

"कशाचं?"

मी वाचून दाखवलं. पान कडेनं पिवळं. कंद टणक. वास नाही. मेंढ्या बसवल्या होत्या. वर नावाच्या जागी काही नाही.

"मग तुमी लिवा."

"मला माहीत नाही."

त्यांनी पडद्यावरच्या लाल जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "काढून टाका. ते एक अर्धवट राहिलं म्हणून सगळं बंद हाय. अन् मला रोज ते लाल दिसायला नको."

मी ते पुसलं नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टक्क्याची खूण घातली. ती घातली की मशीन ती ओळ वाचत नाही. एडिटर तिला राखाडी दाखवतो. लेखन राहतं, काम करत नाही. बटण दाबलं आणि डबा चालू झाला. बळीरामभाऊंनी डोळे पुसले नाहीत, मीही नाही. त्यांनी एका गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

अडचण सोडवण्याची ही सगळ्यांत सोपी पद्धत आहे, आणि इतर कुठल्याही नियमाच्या बाबतीत मी तिथंच थांबले असते. पण खतासाठी मेंढ्या बसवलेलं शेत कुणाचं ते मला माहीत आहे. काल मी मशीन घेऊन आले तेव्हा गयाबाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. बळीरामभाऊ तिला एक औषध देत होते आणि ती घेत नव्हती.

"शेवंतानं सांगितलं होतं, मी आल्यावर सांगते, तवर काई टाकू नको," ती म्हणाली. "मी न्हाई टाकलं. आता पिवळं वाढून राहिलं."

"अहो पर ती..." बळीरामभाऊ म्हणायला लागले.

"मला ठावं हाय भाऊ. मी मौतीला आले व्हते ना. पर तिनं शब्द दिला अन् मी घेतला. आता तो मोडायचा कोनी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मशीन चालू झालं की बघू. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, मशीन मला वळखत न्हाई," आणि एसटी गाठायला निघून गेली.

आज मशीन चालू झालं. मी गयाबाईची लक्षणं त्याला दिली. पान कडेनं पिवळं, कंद टणक, वास नाही. त्यानं सांगितलं: नाही.

क्लासची सायंकाळची बॅच खोळंबली आहे. पावत्याही संपल्या. इथं थांबते.

इथपर्यंत गुरुवारचं. हे शनिवारी घरी लिहिते.

शुक्रवारी सकाळी मी क्लासच्या दारावर बंदची पाटी लावली आणि सातच्या गाडीनं पुसेगावला गेले. तुझं खुरपं दुकानातून मागून घेतलं होतं. गयाबाईचं शेत विचारत गेले. लोकांनी माझ्या चपलांकडं पाहून वाट सांगितली. चपला बांधावर काढून ठेवल्या. चिखल गार होता, एवढंच.

पिवळं सगळ्या शेतात नव्हतं. बांधावर उभं राहिलं की दिसत होतं: मधोमध एक चौकोन, कडा रेघ मारल्यासारख्या, आणि बाहेर हिरवंगार. काउंटरवर आलेल्या पानावरून हे कुणालाच कळलं नसतं. मी गयाबाईला विचारलं, हा चौकोन कशाचा?

"उन्हाळ्यात वाघर लावली व्हती तितं," ती म्हणाली. वाघर म्हणजे रात्री मेंढ्या आत ठेवायची जाळी. "औंदा पाणी नव्हतं कुटं, म्हणून कळप लई दिस एकाच जागी बसला. दर साली हलवतो."

"शेवंतानं हे पाहिलं होतं?"

"तिनंच तर मला हितं उभं केलं अन् म्हनली, बघ, जाळीचा ठसा. मंग म्हनली, रोग हाय का खत जास्ती झालं, मला परभनीला विचारावं लागंल. ताप आला व्हता तिला तवाच. डोक्याला पदर बांधून आली व्हती."

म्हणजे तू नाव विसरली नव्हतीस. तुला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना लिहायचं नव्हतं.

आम्ही चौकोनाच्या आतली माती एका पिशवीत घेतली आणि बाहेरची दुसऱ्या पिशवीत. दोन्हीकडचे गड्डे मुळांसकट काढले. खुरपं मला नीट धरता येत नव्हतं. गयाबाईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. सगळं झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मग? टाकू औषध का थांबू?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "परभणीला दाखवते. तोवर थांबा. मी आल्यावर सांगते."

ते शब्द तोंडातून गेले आणि गयाबाईनं मान खाली घातली.

"ती बी असंच म्हनली व्हती बाई."

याच्यावर तुझ्याकडं उत्तर असतं. मी पिशव्यांची तोंडं बांधली, बांधावर गेले, चपला हातात घेतल्या. मग परत वळले.

"गयाबाई, तुम्हीच चला. जे सांगतील ते तुम्हीच ऐका. मधे कोणी नको."

"मी? परभनीला? अन् मेंढ्या कोन पाहील?"

"जाऊबाईला सांगा."

"तिला सांगू? ती आठ दिस बोलून दाखवंल." पण ती विहिरीकडं निघाली होती, आणि तिथूनच पलीकडच्या शेतात हाक मारत होती. परत आली तेव्हा पातळ बदललेलं होतं आणि भाकरी फडक्यात बांधलेली. पिशव्या तिनं घेतल्या, दोन्ही, मला देईना. एसटीत कंडक्टर मातीच्या पिशव्या खाली ठेवा म्हणाला, तर म्हणाली, "दवाखान्यात चाललं हे, मांडीवरच ऱ्हाईल."

हिंगोलीला गाडी बदलली आणि मी परभणीची दोन तिकिटं काढली. माती तिथं तपासायला ठेवून घेतली आहे; नाव अजून आलेलं नाही.